इलेक्ट्रॉनिक टाइपरायटरवर चूक कशी सुधारावी आणि शब्दतपासणीकडून किती काम घ्यावे

यंत्र हाती आल्यावर करेक्शनची कळ दाबून पाहण्याआधी वरचे झाकण उघडावे आणि आत कोणत्या जातीची रिबन, म्हणजे शाईची पट्टी, बसवलेली आहे ते पाहावे. अक्षर नीट खोडले जात नाही अशी तक्रार असलेल्या बऱ्याच यंत्रांत बिघाड असा काही नसतो. रिबन एका जातीची आणि टेप, म्हणजे अक्षर खोडणारी पट्टी, दुसऱ्या जातीची, एवढाच तो घोळ असतो. जुन्या बाजारातून घेतलेल्या यंत्रात तर हा घोळ गृहीतच धरावा, कारण आधीच्या मालकाने जे मिळाले ते बसवलेले असते.

रिबनच्या मुख्य जाती तीन. पहिली करेक्टेबल फिल्म रिबन. ही प्लास्टिकची अगदी पातळ पट्टी असते आणि तिच्या एका बाजूला कार्बनच्या शाईचा कोरडा थर दिलेला असतो. हातोडीचा ठोका बसला की त्या थरातील अक्षराएवढा तुकडा सुटून कागदाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो. तो कागदाच्या तंतूंत मुरत नाही, आणि म्हणूनच पुन्हा उचलून काढता येतो. दुसरी मल्टिस्ट्राइक रिबन. तिच्यावरील एकाच जागेचा अनेक ठोक्यांसाठी उपयोग होतो, त्यामुळे ती जास्त दिवस पुरते. मात्र तिची शाई कागदात उतरते आणि उचलून निघत नाही. तिसरी कापडी, म्हणजे नायलॉनची रिबन, जी जुन्या हाताच्या टाइपरायटरवाल्यांच्या परिचयाची आहे. तिची शाईही कागदात मुरते.

टेपच्या जाती दोन. करेक्टेबल रिबनबरोबर लिफ्ट-ऑफ टेप चालते. तिच्यावर चिकट थर असतो आणि चुकीचे अक्षर तिच्या पाठीवरून पुन्हा एकदा ठोकले की तो थर शाईचा तुकडा ओढून घेतो. मल्टिस्ट्राइक किंवा कापडी रिबनबरोबर कव्हर-अप टेप वापरावी लागते. तिच्यावर पांढरी भुकटी असते आणि ती चुकीच्या अक्षरावर त्याच आकाराचा पांढरा लेप बसवते. पांढऱ्याशुभ्र कागदावर हा लेप खपून जातो, पण कोर्टकामाच्या हिरवट लेजर पेपरवर तो लांबूनही दिसतो.

लेबल फाटलेले असेल तर ओळख अशी पटवावी. रिबनचा वापरलेला भाग थोडा ओढून उजेडासमोर धरावा. एकापुढे एक स्वच्छ अक्षरे पारदर्शक होऊन दिसली, तर प्रत्येक जागा एकदाच वापरणारी फिल्म आहे असे समजावे. अक्षरे एकमेकांवर चढून नुसता गिचमिड काळा भाग दिसला, तर ती मल्टिस्ट्राइक. एकदाच वापरली जाणारी प्रत्येक फिल्म करेक्टेबल असतेच असे नाही, तेव्हा शेवटचा निवाडा प्रत्यक्ष एक अक्षर खोडून पाहूनच करावा. टेपची परीक्षा आणखी सोपी आहे. तिला बोट लावावे. बोट किंचित चिकटले तर लिफ्ट-ऑफ, बोटाला पांढरे लागले तर कव्हर-अप. नवीन सामान मागवताना यंत्राचा मॉडेल क्रमांक आणि रिबनचा क्रमांक दोन्ही दुकानदाराला सांगावेत. ब्रदर कंपनीच्या अनेक यंत्रांसाठी 1030 क्रमांकाची करेक्टेबल रिबन आणि 3010 क्रमांकाची लिफ्ट-ऑफ टेप अशी जोडी चालते.

यंत्राला काय आठवते

चिकट टेपची सोय इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या आधीची आहे. आयबीएमने 1973 मध्ये करेक्टिंग सिलेक्ट्रिक टू हे विजेवरचे यंत्र आणले, तेव्हापासून व्हाइटनरची बाटली आणि खोडरबर यांच्यावाचून अक्षर काढणे शक्य झाले. मात्र त्यात मागे जाऊन कोणते अक्षर चुकले होते ते टंकलेखकालाच पुन्हा ठोकून दाखवावे लागे. 1978 मध्ये ऑलिवेटीचे ईटी 101 आणि त्यानंतर इतर कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली, आणि नुकतीच ठोकलेली अक्षरे त्यांच्या जागांसह लक्षात ठेवण्याचे काम यंत्राकडे गेले. या लक्षात ठेवण्याला करेक्शन मेमरी म्हणतात. साध्या मॉडेलमध्ये ती एखाद्या ओळीपुरती असते, महागड्या मॉडेलमध्ये अधिक. खोडण्याच्या ज्या दोन पद्धती आजही वापराव्या लागतात, त्या याच दोन टप्प्यांच्या आहेत: मेमरीतून खोडणे आणि हाताने खोडणे.

मेमरीतून खोडणे सोपे आहे. चूक लगेच लक्षात आली असेल तर करेक्शनची कळ एकदा दाबावी. यंत्र एक घर, म्हणजे एका अक्षराची जागा, मागे जाते, डेझी व्हील, म्हणजे पाकळ्यांवर अक्षरे असलेले चक्र, फिरवून तेच अक्षर समोर आणते, रिबनऐवजी टेप वर उचलते आणि ठोका देते. कळ दाबून धरली तर एकामागून एक अक्षरे निघत जातात. पूर्ण शब्द काढण्यासाठी वर्ड-आउट आणि पूर्ण ओळ काढण्यासाठी लाइन-आउट अशा वेगळ्या कळा किंवा कोड नावाच्या कळीसोबत दाबायच्या जोड्या बऱ्याच यंत्रांत असतात. चूक चार शब्द मागे असेल तर बॅकस्पेसने त्या अक्षराखाली यावे, करेक्शनची कळ दाबावी, योग्य अक्षर ठोकावे आणि मग रिलोकेट नावाची कळ दाबावी. ही शेवटची कळ नवशिक्यांच्या नजरेतून हमखास सुटते. ती दाबली की टंकन जिथे थांबले होते तिथे यंत्र आपोआप परत जाते. ती न वापरता स्पेसबारने पुढे येणारा माणूस एखादे घर कमीजास्त करून नवी चूक करून ठेवतो.

मेमरीवर विसंबताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. यंत्राला कागद दिसत नाही. त्याने स्वतःच्या मोटरने कागद किती सरकवला याचाच हिशेब त्याच्याकडे असतो, म्हणून वरच्या ओळीवर जायचे असेल तर कागद वर-खाली करणाऱ्या कळाच वापराव्यात. बाजूची मूठ हाताने फिरवली, किंवा कागद सैल करणारी पेपर रिलीजची दांडी ओढून कागद किंचित सरळ केला, की यंत्राचा हिशेब आणि कागदाची खरी जागा यांचा संबंध तुटतो आणि पुढचे खोडकाम भलत्याच जागी होते. मध्येच डेझी व्हील बदलले असेल किंवा पिच, म्हणजे एका इंचात बसणाऱ्या अक्षरांची संख्या, 10 वरून 12 वर नेले असेल, तरी हाच प्रकार घडतो. अक्षर ज्या चक्राने आणि ज्या पिचमध्ये ठोकले, त्याच चक्राने आणि त्याच पिचमध्ये ते उचलावे लागते. पायका (10 पिचच्या) चक्राचे अक्षर इलीट (12 पिचच्या) चक्राने उचलू गेल्यास कडेकडेची शाई तशीच राहते.

मेमरीच्या बाहेरची चूक असेल तर जुनी पद्धत वापरावी. चुकीच्या अक्षरावर यावे, करेक्शनची कळ दाबावी आणि यंत्र थांबून राहिले की चुकलेले अक्षर, योग्य नव्हे, ठोकावे. ते निघाल्यावर योग्य अक्षर टाकावे. अधोरेखित अक्षर असेल तर अक्षर आणि रेघ वेगवेगळी उचलावी लागते, आणि ठळक अक्षर किंचित सरकवून दोनदा ठोकलेले असल्यामुळे तेही एका ठोक्यात स्वच्छ निघत नाही.

कागद काढून झाल्यावर सापडलेली चूक

हे काम कौशल्याचे आहे, आणि येथे घाई केल्यास एका अक्षरासाठी अख्खे पान जाते. कागद पुन्हा घालून पेपर बेलखाली, म्हणजे कागद दाबून धरणाऱ्या दांडीखाली, घ्यावा, आणि छपाईच्या जागेजवळच्या पारदर्शक पट्टीवरील आडव्या रेषेला ओळीची बैठक जुळवावी. पेपर रिलीज सैल करून कागद हलक्या हाताने डावीउजवीकडे सरकवावा आणि त्याच पट्टीवरील उभी खूण एखाद्या बारीक अक्षराच्या, म्हणजे इंग्रजी लहान आय किंवा एल यांच्या, बरोबर मध्यावर आणावी. रुंद अक्षरावर नजर ठरत नाही, म्हणून बारीक अक्षर निवडायचे.

जुळणी झाली की नाही हे पाहण्यासाठी पुष्कळ जण कोपऱ्यात एखादे अक्षर ठोकून पाहतात. त्याची गरज नाही. लिफ्ट-ऑफ टेपचा ठोका काळे उमटवत नाही, तो फक्त उचलतो. त्यामुळे खोडण्याचा पहिला ठोका हीच जुळणीची चाचणी ठरते. चुकीच्या अक्षराची उजवी कड तेवढी राहिली, तर कागद केसभर डावीकडे घ्यावा आणि पुन्हा ठोका द्यावा. अक्षर पूर्ण निघेपर्यंत कागदाची काहीच हानी होत नाही, आणि ते पूर्ण निघाले याचा अर्थ नवे अक्षरही नेमक्या जागी पडणार. कव्हर-अप टेपवर ही युक्ती चालत नाही, कारण तिचा प्रत्येक चुकलेला ठोका पांढरा ठसा ठेवतो.

अक्षर निघूनही त्याची खाच दिसत असेल तर ठोक्याचा जोर जास्त आहे. एका कागदासाठी इम्प्रेशनचे बटण कमी किंवा मध्यम यावर ठेवावे. जास्त जोर कार्बन कॉप्यांसाठी राखावा. खडबडीत, शोषून घेणाऱ्या कागदावर लिफ्ट-ऑफ नीट चालत नाही, गुळगुळीत बाँड कागदावर उत्तम चालते. ताजे अक्षर लवकर निघते. खोडण्याआधी त्यावर बोट किंवा रबर घासू नये, कारण घासले की शाई तंतूंत शिरते आणि मग टेपला ती सापडत नाही.

कार्बन कॉप्यांच्या बाबतीत यंत्राची सगळी हुशारी पहिल्या प्रतीपुरती आहे. वरचे अक्षर टेप उचलते, खालच्या प्रतींवरचे तसेच राहते आणि नवे अक्षर त्याच्यावर चढते. म्हणून खोडण्याआधी प्रत्येक कार्बन आणि त्याखालची प्रत यांच्यामध्ये कागदाची एकेक छोटी चिठ्ठी सरकवावी, वरची दुरुस्ती पूर्ण करावी, चिठ्ठ्या आठवणीने काढाव्यात आणि खालच्या प्रती नंतर हाताने दुरुस्त कराव्यात. प्रती दोनपेक्षा जास्त असतील आणि झेरॉक्सचे दुकान जवळ असेल, तर कार्बनच्या भानगडीत न पडणे शहाणपणाचे.

शब्दाची लांबी बदलते तेव्हा

'रिसीव्ह' या इंग्रजी शब्दात ई आणि आय यांची अदलाबदल झाली असेल तर दोन अक्षरे काढून दोन टाकली की काम झाले. पण 'ऑकर्ड' (occurred) या शब्दात दोन आर हवेत तिथे एकच पडला असेल, तर सात अक्षरांच्या जागेत आठ अक्षरे कशी बसवायची, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर अर्ध्या घराच्या हालचालीत आहे. शब्दाच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा धरून तिथे एकूण नऊ घरे उपलब्ध आहेत. सगळा शब्द काढावा, पहिल्या अक्षराच्या जागेपासून अर्धे घर मागे यावे आणि आठ अक्षरे सलग ठोकावीत; दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे घर मोकळे राहते आणि ओळ वाचताना कोणाच्या लक्षातही येत नाही. उलट 'अनटिल'मध्ये एक एल जास्त पडला असेल, तर शब्द काढून अर्धे घर पुढे जावे आणि पाच अक्षरे ठोकावीत. दोन्हीकडे दीड दीड घर राहते. अर्ध्या घराची हालचाल बहुधा कोड कळीबरोबर बॅकस्पेस किंवा स्पेसबार दाबून मिळते, पण नेमकी जोडी यंत्रागणिक बदलते. कळेच्या पुढच्या उभ्या बाजूवर बारीक अक्षरात ती छापलेली असते, तिकडे पाहावे. दोन अक्षरे कमी पडली असतील तर ही युक्ती सोडून द्यावी आणि ओळच नव्याने टाकावी.

शब्दतपासणी

1980 च्या दशकात स्मिथ कोरोना, ब्रदर वगैरे कंपन्यांनी यंत्राच्या चिपमध्येच शब्दसंग्रह भरायला सुरुवात केली. ब्रदरच्या एसएक्स-4000 या मॉडेलमध्ये असा 70,000 इंग्रजी शब्दांचा संग्रह आणि 16 अक्षरांची छोटी पट्टी, म्हणजे डिस्प्ले, आहे. काम अगदी सरळ चालते. स्पेसबार, विरामचिन्ह किंवा रिटर्न आले की शब्द संपला असे यंत्र समजते, तो शब्द संग्रहात शोधते आणि सापडला नाही तर बीप देते. बीप शब्द संपल्यावर येत असल्याने वेगाने टंकन करणारा माणूस तोवर पुढच्या शब्दात गेलेला असतो. त्याने लगेच थांबावे, कारण चूक करेक्शन मेमरीच्या आत असेतोवरच ती एका कळेने निघते. डिस्प्ले नसलेल्या यंत्रात बीपच्या पुढचे सगळे आपल्यालाच करावे लागते. डिस्प्ले असलेल्या यंत्रात जवळचे शब्द पट्टीवर मागवता येतात, आणि त्यांतून हवा तो निवडता येतो.

यंत्रात ओळीची पद्धत असेल, म्हणजे टंकन आधी पट्टीवर दिसते आणि रिटर्न दाबल्यावरच ओळ कागदावर उतरते अशी सोय असेल, तर शब्दतपासणीसाठी तीच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अक्षर ठोकले जाण्याआधीच चूक कळत असेल तर टेप, जुळणी, अर्धे घर यांपैकी कशाचीच जरूर उरत नाही. ओळीच्या पद्धतीत कागद गप्प असतो म्हणून कित्येकांना ती आवडत नाही. पण महत्त्वाचे पत्र असेल तर तेवढी गैरसोय सोसावी. डिस्प्लेवर एका वेळी थोडीच अक्षरे मावतात, म्हणून रिटर्न दाबण्याआधी कर्सर मागे नेऊन पूर्ण ओळ एकदा नजरेखालून घालावी.

बीपची भाषा नीट समजून घ्यावी. शब्द संग्रहात नाही, एवढाच तिचा अर्थ. 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' पडले तर यंत्र गप्प राहते, कारण दोन्ही शब्द त्याला ठाऊक आहेत. उलट कुलकर्णी, शिरूर, तालुका, ग्रामपंचायत, लाख, कोटी यांपैकी जवळजवळ प्रत्येक शब्दाला रोमन लिपीत ते ओरडणार. अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या यंत्रात 'कलर' हा शब्द आपल्या शाळेत शिकवला तसा, यू घालून टाकला, किंवा बँकेचा 'चेक' क्यू घालून लिहिला, तरी बीप येऊ शकते. तिथे यंत्राचे ऐकून स्पेलिंग बदलू नये. नावे आणि पत्ते टाकताना तपासणी सरळ बंद करावी आणि मजकुराला लागताना सुरू करावी. बीपा फार होऊ लागल्या की कान त्यांना सरावतो आणि खऱ्या चुकीची बीपही दुर्लक्षिली जाते. नेहमी लागणारी दहावीस नावे असतील आणि यंत्रात स्वतःचे शब्द साठवण्याची सोय असेल, तर ती त्यात भरून ठेवावीत. मात्र काही यंत्रांत हा साठा छोट्या बॅटरीवर टिकतो, तेव्हा जुन्या यंत्रात आधी एक शब्द भरून, यंत्र रात्रभर बंद ठेवून, सकाळी तो शिल्लक आहे का हे पाहावे आणि मगच यादी भरायला बसावे.

देवनागरीचे चक्र बसवलेले असेल तर इंग्रजी शब्दतपासणी बंदच ठेवावी. यंत्राला चक्रावर कोणती लिपी आहे हे कळत नाही. ते कळांच्या इंग्रजी अक्षरांचाच शब्द जुळवून पाहते. देवनागरीत खोडतानाही प्रत्येक ठोका स्वतंत्र मोजावा. जुन्या मराठी कळफलकाच्या पद्धतीने एकच अक्षर अर्धे अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार अशा तुकड्यांनी बनलेले असते, आणि जितके ठोके देऊन ते उमटवले तितकेच ठोके देऊन ते उचलावे लागते.

आकड्यांची जबाबदारी तर पूर्णपणे माणसाची. रक्कम, तारीख, गट नंबर, क्षेत्र यांतील चुकीला बीप येत नाही. सातबाऱ्यावरून किंवा पावतीवरून आकडे उतरवले असतील, तर एकाने मूळ कागद मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने टंकलेली प्रत पाहावी. याला पर्याय नाही.

कुठे खोडू नये

करेक्टेबल रिबनने टाकलेला मजकूर ज्या सहजतेने आपण उचलतो, त्याच सहजतेने दुसराही उचलू शकतो. म्हणून धनादेश, पावत्या, करार आणि प्रतिज्ञापत्रे यांसाठी यंत्रात मल्टिस्ट्राइक किंवा कापडी रिबन घालावी. नोंदणीसाठी जाणाऱ्या दस्तात तर सफाईदार खोडकाम हा गुण नाही. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 20 नुसार ओळींच्या मध्ये घातलेला मजकूर, कोरी जागा, खोडकाम किंवा बदल असलेला दस्त नोंदणी अधिकारी नाकारू शकतो. दस्त करून देणाऱ्यांनी अशा प्रत्येक ठिकाणी सही किंवा आद्याक्षरी करून तो बदल मान्य केलेला असेल, तरच ती अडचण दूर होते. तेव्हा अशा कागदावर चूक झाल्यास ती चिकट टेपने नाहीशी करण्याऐवजी एक आडवी रेघ मारून वाचता येईल अशी ठेवावी, वर योग्य मजकूर टाकावा आणि शेजारी आद्याक्षऱ्या घ्याव्यात. बदल मोठा असेल तर पान नव्याने टंकावे.

वापरून झालेल्या रिबनचाही विचार करावा. एकदाच वापरल्या जाणाऱ्या फिल्मवर टंकलेला सगळा मजकूर अक्षरामागून अक्षर शिल्लक असतो, आणि ती उजेडात धरणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो. खोडलेली अक्षरेसुद्धा तिथे असतात. मृत्युपत्र, पगारपत्रके किंवा गोपनीय अहवाल टंकले असतील तर रिबनची कॅसेट संपल्यावर कचऱ्यात टाकू नये. तिचे झाकण उघडून पट्टी बाहेर ओढावी, तिचे कात्रीने बारीक तुकडे करावेत आणि मगच ते टाकावेत.